पाळण्याजवळचा डबा

स्मरणिकेच्या संपादक-भगिनींनी यंदा लेख मागितला तेव्हा मी त्यांना भोंडल्याच्या जुन्या चालीरीतींवर लिहून देण्याचे कबूल केले होते. तो लेख अर्धा लिहून पडला आहे. मध्यंतरी आमच्या घरात एक लहानसा वाद झाला आणि त्या वादाने मला ग्रंथालयाची पायरी चढायला लावली. जे वाचायला मिळाले ते मंडळातील आज्या आणि नव्या आया या दोघींनीही ऐकावे असे वाटले, म्हणून भोंडला पुढील वर्षी.

झाले असे. मार्गशीर्षात नातीचे बारसे झाले. आपल्यापैकी बऱ्याच जणी आल्या होत्या. झबली-टोपडी, चांदीचे वाळे यांबरोबर आहेरात पावडरीचे चार डबे आणि बाळाच्या अंगाला लावायच्या लोशनच्या सहा बाटल्या आल्या. रात्री सगळे निजल्यावर पाहते तो सूनबाई भिंग घेऊन बसलेली. एकेक बाटली उलटी करायची, मागची बारीक अक्षरे वाचायची, मोबाईलवर काही शोधायचे आणि बाटली डावीकडे नाही तर उजवीकडे ठेवायची. डावीकडची रांग वाढत चालली होती. मी म्हटले, "अगं, लोकांनी प्रेमाने दिलेले आहे." ती म्हणाली, "हो आई, प्रेमाबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण आत काय आहे ते बघायला नको का?"

इथपर्यंत ठीक होते. दोनच दिवसांनी बाळाच्या जांघेत लाली दिसली. मी माझ्या कपाटातून बोरिक पावडरीचा डबा काढला. माझ्या दोन्ही मुलांना मी ती लावली आहे, माझ्या आईने आम्हांला लावली आहे. सूनबाईने डबा हातात घेतला, वाचला आणि हळूच बाजूला ठेवला. "आई, ही नको."

खरे सांगते, मला राग आला. तीन पिढ्यांचे हात एका क्षणात अडाणी ठरले असे वाटले. माझा भाचा डॉक्टर आहे. त्याला म्हटले, बोरिक पावडर निर्धोक आहे हे लिहिलेले काहीतरी मला आणून दे. त्याने कागदांचा गठ्ठा आणून दिला. त्यात मला हवे होते ते मात्र नव्हते. मग ग्रंथालय, मग आणखी कागद, असे तीन महिने गेले.

बाळाच्या कातडीविषयी एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा पसारा मोठ्या माणसाच्या जवळजवळ तिप्पट असतो. म्हणजे अंगभर काही चोळले तर किलोमागे बाळाच्या वाट्याला आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक येते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी तर कोवळीच, ती फारसे काही अडवतच नाही. आणि मांडीच्या सांध्यात कातडी सोलवटलेली असेल तर तिथे दारच उघडे. आपण नेमके तिथेच पावडर दाबून भरतो.

पहिली हकीकत जपानची. तेथे १९२०च्या आधीपासून अंगावर पिणाऱ्या मुलांत एक विचित्र आजार दिसत असे. मूल चिडचिडे होई, ओकाऱ्या, मग आकडी, आणि पुष्कळदा मृत्यू. डॉक्टर त्याला मेंदूच्या आवरणाचा एक दाह समजत. क्योतो येथील विद्यापीठात बालरोगाचे प्राध्यापक असलेले हिराई इकुतारो यांनी १९२३ साली दाखवून दिले की हा दाह नव्हे, ही शिशाची विषबाधा आहे. आणि शिसे येत होते ते आईच्या चेहऱ्यामानेला लावायच्या पांढऱ्या भुकटीतून! त्या भुकटीत शिशाचा सफेदा असे. आई नटली, मूल मानेला बिलगले, छातीशी गेले, की ते पोटात गेलेच. म्हणजे वस्तू मुलासाठी नव्हतीच. मुलाला लावलीही नव्हती. शिसे घातक आहे हे तेथील सरकारला ठाऊक होते. १९०० साली रंगांतील विषारी द्रव्यांवर त्यांनी नियमही केला होता. पण तोंडाला लावायच्या सफेद्याला त्यातून सूट देऊन ठेवली होती, कारण तसा दुसरा शुभ्र पदार्थ स्वस्तात मिळत नव्हता. ती सूट पुरती जायला १९३० नंतरची वर्षे उजाडली.

हे वाचताना मला आपला सुरमा आठवला. घरी एरंडेलाच्या दिव्यावर धरलेले काजळ ही एक गोष्ट आणि बाजारातून चिमटीने विकत घेतलेला चकचकीत सुरमा ही दुसरी. सुरम्याच्या दगडात पुष्कळदा शिशाचाच गंधकाशी झालेला संयोग असतो. भाचा तर म्हणतो, घरचे काजळसुद्धा बाळाच्या डोळ्यांत घालू नये, बोटाने जंतू जातात. तीट लावायला मात्र त्याची हरकत नाही. ती कपाळावर लावा नाही तर गालावर, पण डोळ्यापासून दूर.

आता बोरिककडे येते. इथे मला जरा थांबावे लागणार आहे.

बोरिक आम्ल टाकणखारापासून करतात. जंतुनाशक म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते इस्पितळांत शिरले, आणि सौम्य, वास नसलेले, न झोंबणारे म्हणून घराघरांत गेले. डोळे धुवायला बोरिकचे पाणी, कानात बोरिक, भाजल्यावर बोरिकचे मलम, बाळाच्या लंगोटाखाली बोरिकची भुकटी. परदेशात शंखजिऱ्याच्या पावडरीतही ते मिसळत आणि डब्यावर अभिमानाने तसे छापत. पण मधून मधून मुले दगावल्याच्या बातम्या वैद्यकाच्या मासिकांत येत होत्या. कुठे इस्पितळात बोरिकचे पाणी साधे पाणी समजून दुधात मिसळले गेले, कुठे सोलवटलेल्या अंगाला पावडर दिवसातून अनेकदा लावली गेली. एकेक बातमी वेगळी, एकेक गावची, म्हणून कोणाला त्यांची साखळी दिसली नाही. १९५३ साली मॉन्ट्रियलच्या ऑल्टन आणि रिचर्ड गोल्डब्लूम या बापलेक बालरोगतज्ज्ञांनी स्वतः पाहिलेले चार रुग्ण आणि जगभरच्या मासिकांतून गोळा केलेले १०९ रुग्ण एका लेखात एकत्र मांडले. तेव्हा कुठे डॉक्टरांचे डोळे उघडले. निरोगी, अखंड कातडीतून बोरिक फारसे आत जात नाही, सोलवटलेल्या कातडीतून मात्र भराभर जाते आणि मूत्रपिंडातून सावकाश बाहेर पडते. त्यामुळे साचत राहते. लक्षणे लिहिली होती ती अशी: ओकाऱ्या, जुलाब, अंग उकडल्यासारखे लालभडक होणे, मग कातडीचे पापुद्रे निघणे, शेवटी झटके.

ही ओळ वाचून मी कागद खाली ठेवला.

१९५७ साली मी सात वर्षांची होते. आम्ही तेव्हा रत्नागिरीकडे आजोळच्या घरी होतो. वैशाखात मला भाऊ झाला. आषाढात पाऊस असा लागला की आठ-आठ दिवस लंगोट वाळत नसत. शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून तिच्यावर दुपटी पसरायची, आणि ती नुसती गरम ओली होत. भावाचे अंग मांड्यांपासून कमरेपर्यंत सोलवटले. कंपाउंडरने कागदाच्या पुडीत बोरिक पावडर दिली. आजी दर लंगोटाला ती लावी, आणि सढळ हाताने लावी. नातवावर तिचा फार जीव. तीन-चार दिवसांनी त्याला जुलाब लागले, मग ओकाऱ्या. अंग लाल झाले. पाठीची कातडी कांद्याच्या पातीसारखी निघाली हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे, कारण दिवा धरायला मला उभे केले होते. पाचव्या दिवशी तो गेला.

घरात कारण ठरले ते असे की, बाळंतिणीने फणस खाल्ला. आईने खरोखरच दोन गरे खाल्ले होते, कोणी पाहिले होते. ते दूध बाधले, असे सगळे म्हणाले, आणि आईनेही ते मानले. त्यानंतर ती चाळीस वर्षे जगली. दर वर्षी फणस फोडून, हाताला तेल लावून, गरे सोलून आम्हांला देई. स्वतः मात्र एकही तोंडात घालीत नसे. आम्ही आग्रह केला तर म्हणे, "मला नाही सोसत."

भाच्याला मी सगळे सांगितले. तो म्हणाला, "मावशी, इतक्या वर्षांपूर्वीचे निदान आज कोणी करू शकणार नाही. कातडीला जंतूंचा संसर्ग होऊनही मुलाचे असेच होते. बोरिकनेच गेला असे मी म्हणणार नाही." मीही म्हणत नाही. आजीने जे केले ते त्या काळचा कोणताही डॉक्टर करायला सांगत होता. पण फणसाने गेला नाही, एवढे मला आता कळते. हे आईला सांगायला हवे होते. १९५३चा तो लेख छापून चार वर्षे झाली होती. पण मॉन्ट्रियलहून आमच्या गावच्या कंपाउंडरापर्यंत तो पोचणार कसा?

असो. पुढची हकीकत फ्रान्सची आहे, १९७२ सालची, आणि ती याहून भयंकर आहे.

१९५०च्या सुमारास इस्पितळांतून नवजात मुलांमध्ये जंतूंच्या पुळ्यांची साथ वारंवार येई. त्यावर हेक्साक्लोरोफीन नावाचे जंतुनाशक फार गुणकारी ठरले. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना त्याच्या तीन टक्के द्रवाने रोज अंघोळ घालण्याची पद्धत पडली. साबणात, पावडरीत, दुर्गंधनाशकात, सगळीकडे ते जाऊ लागले. १९७१ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने मेंदूत पोकळ्या पडतात असे दिसले, तेव्हा अमेरिकेच्या सरकारी खात्याने त्या वर्षाच्या अखेरीस अंघोळी थांबवण्याचा सल्ला दिला. तो ऐकून काही इस्पितळांनी अंघोळी बंद केल्या, आणि काही ठिकाणी पुळ्यांची साथ पुन्हा आली! कोणते भय मोठे, यावर डॉक्टरांत वाद सुरू झाला.

वाद चालू असतानाच फ्रान्समध्ये मुले मरू लागली. आधी ढुंगणावर खोल जखमेसारखी लाली, मग झोपाळूपणा, झटके, बेशुद्धी. डॉक्टरांना वाटले मेंदूचा एखादा नवा ताप असेल. अखेर ध्यानात आले की या घरांमध्ये समान असलेली एक वस्तू आहे, ती म्हणजे मोरांज नावाची बाळाची पावडर. कारखान्यात चुकून तिच्या काही साठ्यात हेक्साक्लोरोफीन मिसळले गेले होते, आणि तेही थोडेथोडके नव्हे, सहा टक्क्यांहून अधिक. दोनशेहून अधिक मुले आजारी पडली, ३६ दगावली.

डब्यावर त्या द्रव्याचे नावच नव्हते, कारण ते त्यात असायचेच नव्हते. आमच्या सूनबाईचे भिंग तिथे काय कामाचे? जी आई लाली दिसली म्हणून अधिक काळजीने पावडर लावी, तिचेच मूल अधिक लवकर जाई. हे वाचून मला दोन दिवस जेवण गोड लागले नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेने हेक्साक्लोरोफीन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली. फ्रान्सने १९७५ साली प्रसाधनांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि १९७६ साली युरोपातील राष्ट्रांनी मिळून काय घालायचे व काय नाही याच्या याद्या केल्या. आपल्याकडेही नियम आला. प्रसाधनात हेक्साक्लोरोफीन घालायचे नाही. साबणात घातले तर एक टक्क्यापर्यंतच, आणि वेष्टनावर 'बाळांसाठी वापरू नये' अशी सूचना छापायची. वेष्टनाच्या कोपऱ्यातली असली ओळ आपण कधी वाचीत नाही. मीही वाचली नव्हती.

आपल्या कायद्याची हकीकत थोडक्यात सांगते. औषधांचा कायदा १९४०चा. त्यात प्रसाधने आली ती १९६२च्या दुरुस्तीने. म्हणजे आमच्या लहानपणी तोंडाला किंवा बाळाला लावायच्या वस्तूंवर तसा कायदाच नव्हता. पुढे शिसे व आर्सेनिकयुक्त रंगांना मनाई झाली, घटकद्रव्ये छापण्याची सक्ती आली, आणि २०२० साली प्रसाधनांसाठी वेगळे नियम निघाले. बाटलीमागच्या यादीचा क्रम कसा लावायचा हे त्यात सांगितलेले आहे. एक टक्क्याहून जास्त असलेली द्रव्ये उतरत्या क्रमाने आधी. एक टक्का किंवा कमी असलेली त्यांच्या मागून, कशीही. म्हणून लोशनच्या बाटलीवर पहिले नाव बहुधा पाण्याचे असते. मला गंमत वाटली. एवढे पैसे देऊन आपण पाणीच घेतो! पण त्यातूनच पुढचे कळते. पाणी आले की बुरशी आणि जंतू आले, म्हणून टिकवणारे द्रव्य घालावेच लागते. नुसत्या तेलाला त्याची गरज नसते.

ही टिकवणारी द्रव्ये आणि सुवास यांवरच आता सगळा वाद आहे. पॅराबेन नावाच्या कुळातील दोन द्रव्यांना, प्रोपिल आणि ब्यूटिल यांना, डेन्मार्कने २०११ साली तीन वर्षांखालच्या मुलांच्या वस्तूंतून काढले. २०१४ साली युरोपने लंगोटाखाली लावून तशाच ठेवायच्या वस्तूंत ती घालायला मनाई केली. कारण पुन्हा तेच, झाकलेली आणि सोलवटलेली कातडी. त्याच कुळातील मिथिल आणि इथिल मात्र ठरलेल्या प्रमाणात चालतात. म्हणजे 'पॅराबेन' शब्द दिसला की बाटली फेकावी, असे नाही. हे मी सूनबाईला सांगितले आणि तिने डावीकडची एक बाटली परत उजवीकडे ठेवली. (हा विजय मी मनात नोंदवून ठेवला आहे.) सुवासाचे कोडे मात्र सुटत नाही. यादीत 'सुवास' एवढा एकच शब्द लिहिलेला असतो, पण त्याच्या पोटात कितीतरी द्रव्ये दडलेली असू शकतात. अमेरिकेत २००८ साली १६३ तान्ह्या मुलांच्या लघवीची तपासणी प्रसिद्ध झाली. ज्यांना आदल्या दिवशी लोशन, पावडर किंवा शांपू लावले होते त्यांच्यात थॅलेट नावाच्या द्रव्यांचे अंश अधिक आढळले. त्याने मुलांना काय अपाय झाला हे त्या तपासणीत नव्हते, पण कातडीवर लावलेले आत पोचते हे त्यातून दिसते. सूनबाईने बिनवासाची बाटली निवडली. मला बाळाचा तो पावडरीचा वास फार आवडे, हे मान्य करते.

पावडरीचे म्हणाल तर अगदी आपल्या महाराष्ट्रातलीच गोष्ट आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पुणे आणि नाशिकला घेतलेल्या नमुन्यांत आम्लतेचे प्रमाण ठरल्याप्रमाणे नाही म्हणून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने जॉन्सन कंपनीच्या मुलुंड येथील बेबी पावडरीचा परवाना रद्द केला. कंपनी उच्च न्यायालयात गेली. नव्या नमुन्यांची तपासणी झाली, ते योग्य निघाले, आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ते आदेश रद्द केले. नमुने घेण्यात आणि कारवाई करण्यात गेलेल्या वर्षांबद्दलही न्यायालयाने खात्याला बोल लावले. मला त्यातली ती वर्षेच खटकली. नमुना सदोष होता असे धरले तर तेवढी वर्षे ती पावडर मुलांच्या अंगाला लागली. नव्हता असे धरले तर विनाकारण घबराट झाली. शंखजिऱ्याबरोबर खाणीत अ‍ॅस्बेस्टॉस सापडू शकते, यावरून परदेशांत हजारो दावे चालले. आपल्या पावडरीत ते नाही, हे कंपनीचे म्हणणे कायम आहे; तरी २०२३ साली जगभर शंखजिरे सोडून तिने मक्याचे पीठ घेतले. बालरोगतज्ज्ञ मात्र त्या आधीपासूनच सांगत आले आहेत की, कोणतीही पावडर असो, तिचा धुरळा बाळाच्या छातीत जातो.

मग लावायचे काय? भगिनींनो, इथे आपल्या आज्यांची बाजू घेता येते, पण सगळीच नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयातील डॉक्टरांनी नवजात मुलांना खोबरेल आणि खनिज तेल लावून तुलना केली, ती २००५ साली प्रसिद्ध झाली. खोबरेलाच्या मुलांचे वजन बरे वाढले. त्याच वर्षी ढाक्याच्या इस्पितळातील अपुऱ्या दिवसांच्या मुलांविषयी कळले की, सूर्यफुलाचे तेल लावलेल्यांना तेथील जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाला. पण मोहरीच्या तेलाने कातडीचे आवरण बिघडते, असे प्राण्यांवरच्या प्रयोगात दिसले आहे. आणि डाळीच्या पिठाने, हळदीने अंग रगडून न्हाऊ घालणे? भाच्याने कपाळाला हात लावला. तेल लावायला येणाऱ्या बाईंना हे सांगताना मला अवघड गेले. त्या माझ्याहून मोठ्या आहेत. त्या म्हणाल्या, "तुमचं बाळ, तुम्ही सांगाल तसं." आता त्या नुसते खोबरेल लावतात आणि हलक्या हाताने लावतात.

नातीची लाली चार दिवसांत गेली. लंगोट लगोलग बदलले, कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपले, आणि दुपारी तासभर तिला उघडीच उन्हाच्या कवडशाजवळ निजवले. जस्ताचे मलम डॉक्टरांनी दिले होते, ते पातळसे लावले. बाटल्यांपैकी दोनच घरात राहिल्या आहेत. कोणाच्या आहेराच्या त्या, हे सूनबाई आणि मी दोघीही सांगणार नाही.

बोरिकचा डबा मी मंडळात आणून दिला आहे. संक्रांतीनंतर आपल्या कॅरमच्या स्पर्धा आहेत, बोर्डावर टाकायला तो वर्षभर पुरेल. झाकणावर लाल शाईने 'कॅरमसाठी' असे लिहिले आहे. तेवढे पुसू देऊ नका, आणि खेळून झाल्यावर मुलांचे हात धुवायला लावा.